माझ्या हाताकडे बघ

अमेरिकेतल्या यूटा राज्यात एलिफंट हिल नावाची टेकडी आहे. तिच्या पश्चिम उतारावर एक वळण इतके आखूड आहे की तिथे गाडी एका दमात वळतच नाही. तोंड पुढे करून एका सपाट कातळापर्यंत जायचे, तिथे थांबायचे आणि त्यापुढचा छोटा टप्पा रिव्हर्समध्ये उतरायचा, अशीच त्या वाटेची रीत आहे. गेल्या ऑक्टोबरात त्या कातळावर माझी गाडी उभी होती, तेव्हा समोरच्या काचेत निळे आभाळ होते, आरशात लांबवरची दरी होती आणि माझ्या चाकांखालची जमीन मात्र कुठेच दिसत नव्हती. काका गाडीच्या पुढे, चढाच्या बाजूला, चार पावलांवर उभे होते. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि माझी नजर त्यांच्यावर स्थिरावेपर्यंत ते तसेच थांबले. मग म्हणाले, "दगडाकडे बघू नकोस, आरशात बघू नकोस. माझ्या हाताकडे बघ."

हे काका माझे नात्याने कोणी लागत नाहीत. डेन्व्हर परिसरातल्या आमच्या मराठी मंडळींत ज्यांना सगळेच काका म्हणतात, असे ते पासष्टी ओलांडलेले गृहस्थ आहेत आणि गेली पंचवीस वर्षे ते यूटातल्या खडकाळ वाटांवर गाडी घेऊन जात आहेत. त्यांच्यासोबत जायचे तर एक अट असते. कमीत कमी तीन गाड्या हव्यात आणि प्रत्येकाने दुसऱ्याची गाडी पार होईपर्यंत थांबायला हवे. त्या वेळी आम्ही चार गाड्या होतो. पुढे काका-काकू त्यांच्या दोन दारांच्या जुन्या जीप रँग्लरमध्ये, त्यामागे मी आणि माझा नवरा, तिसरी गाडी माझ्या चुलतभावाची, म्हणजे दादा, वहिनी आणि त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा, आणि शेपटाला माझे दोन सहकारी, ज्यांचा या वाटांवरचा अनुभव काकांच्या खालोखाल आहे. सर्वांत अनुभवी माणूस पुढे आणि त्याच्या खालोखालचा सर्वांत मागे, नवखे मध्ये, हा आमचा क्रम ठरलेला असतो.

यूटातले मोआब हे गाव डेन्व्हरपासून सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर, कोलोरॅडो नदीच्या काठी, पाच हजारांच्या आसपास वस्तीचे आहे. त्याच्या भोवतालच्या वाळवंटात ज्या वाटांवरून आज हौशी माणसे गाड्या नेतात, त्यांतल्या बऱ्याच वाटा हौसेसाठी झालेल्या नाहीत, हे मला तिथे जायला लागल्यावर कळले. काही वाटा गुरांच्या पायांनी पाडल्या. काही युरेनियमच्या शोधाने पाडल्या. १९५२ साली चार्ली स्टीन नावाच्या भूवैज्ञानिकाला मोआबच्या आग्नेयेला युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि पुढची काही वर्षे महायुद्धातून उरलेल्या जीप घेऊन माणसे या कपारींमध्ये घुसली. कॅनियनलँड्सच्या कड्याखालून जाणारा व्हाइट रिम रस्ता, तसेच त्यावर उतरणारी शेफर ट्रेलची नागमोडी वळणे त्याच काळात ट्रकांसाठी रुंद झाली. कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यान १९६४ साली झाले, तोवर युरेनियमचा बहर ओसरला होता आणि रस्ते मात्र राहिले होते. १९६७ पासून गावात दर ईस्टरला जीप सफारी भरते. आम्ही मुद्दाम ऑक्टोबरात जातो, कारण ईस्टरला गर्दी फार असते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या वादळी पावसाने कोरड्या ओढ्यांना काही मिनिटांत पूर येतो.

जीप या गाडीशी मराठी माणसाचे नाते नवे नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे ती गाडी आपल्याकडे जंगल खात्यापासून साखर कारखान्यांपर्यंत सगळीकडे दिसू लागली. माझे आजोबा पाटबंधारे खात्यात होते आणि लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी अशाच एका उघड्या जीपमधून धरणाच्या कामावर गेले होते. मोआबच्या पेट्रोल पंपावर रांगेत उभ्या असलेल्या चौकोनी गाड्या पाहिल्या की मला अजून ती धूळ आठवते.

पहिला दिवस काकांनी सरावासाठी ठेवला होता. गावाच्या पूर्वेला सँड फ्लॅट्स नावाचा भाग आहे, तिथे फिन्स अँड थिंग्ज ही वाट आहे. नावातले फिन्स म्हणजे माशाच्या पाठीवरच्या पंखासारखे उभे, अरुंद कातळाचे कणे. हा नाव्हाहो वालुकाश्म आहे, म्हणजे सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्या दगड होऊन राहिल्या आहेत, आणि नीट पाहिले तर वाऱ्याने तिरप्या रचलेल्या वाळूचे थर अजून त्यात दिसतात. इंग्रजीत याला स्लिकरॉक म्हणतात, म्हणजे निसरडा खडक. नालबंद घोड्यांचे पाय त्यावरून घसरत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. रबराला मात्र तो विलक्षण धरतो. समोर भिंतीसारखा वाटणारा चढ गाडी सरळ चढून जाते आणि पहिल्यांदा बसणाऱ्याचा आपल्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. वाट कुठली हे कळावे म्हणून कातळावर पांढऱ्या रंगात डायनोसॉरची चित्रे काढलेली आहेत आणि त्यांच्याखेरीज हजारो टायरांचा काळा माग असतो.

चढायच्या आधी टायरमधली हवा काढायची. हा विधी मला फार आवडतो, कारण त्या पंधरा मिनिटांत सगळा गट एकमेकांच्या गाड्यांभोवती फिरतो आणि बोल्ट, पट्टे, गळती जे काही असेल ते कोणाच्या तरी नजरेस पडते. हमरस्त्यावर माझ्या टायरमध्ये ३७ पीएसआय हवा असते, ती आम्ही १८ वर आणली. हवा कमी झाली की टायर जमिनीला जास्त लांब टेकतो, दगडाच्या कंगोऱ्यावर आपला आकार त्याच्यासारखा करून घेतो आणि हाडे खिळखिळी करणारे धक्केही स्वतःत मुरवतो. याची किंमतही असते. टायरच्या बाजूची भिंत बाहेर फुगते, तिथे रबर पातळ असते, आणि धारदार दगडाने ती फाटली तर तिला ठिगळ टिकत नाही. म्हणून हवा काढलेल्या गाडीने दगडाच्या माथ्यावर चढावे, दगडाला कुशीने घासू नये. नवखा माणूस नेमके उलटे करतो. दगड दिसला की त्याला तो दोन चाकांच्या मधे घ्यावासा वाटतो आणि मग गाडीचे पोट त्यावर टेकते. उंच दगडावर चाक ठेवायचे आणि पोट वर उचलायचे, हे मनाला पटायला मला दोन वर्षे लागली.

दुसरी गोष्ट फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा सर्वांत सावकाश गिअर. माझ्या गाडीच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या भागात, चारास एक असे उतरते प्रमाण आहे, म्हणजे गिअरबॉक्सकडून चार फेरे येतात तेव्हा पुढे एक फेरा जातो आणि चाकांची ओढ तितक्या पटीने वाढते. अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावताही गाडी माणसाच्या चालीने चढत राहते. उतारावर ब्रेकऐवजी इंजिनच तिला धरून ठेवते. माझी गाडी ऑटोमॅटिक असल्यामुळे पायरी चढताना मी डावा पाय ब्रेकवर हलकेच ठेवते आणि उजव्या पायाने थोडा जोर देते, नाहीतर चाक पायरीवर चढताक्षणी गाडी पलीकडे धप्पकन पडते. दादाच्या टोयोटात लॉकर नव्हते. डिफरेन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा भाग. साध्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक हवेत गेले की तेच गरगर फिरत बसते आणि जमिनीवरच्या चाकाकडे काही पोचत नाही; लॉकर लावला की दोन्ही चाके एकत्र फिरतात. ही बाब तिसऱ्या दिवशी महत्त्वाची ठरणार होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेफरची वळणे उतरून पोटॅश रोडने गावात परतलो. दृश्य म्हणून हा दिवस सर्वांत भव्य होता आणि गाडी चालवण्याच्या दृष्टीने सर्वांत सोपा. वाटेत वाळवंटाच्या लाल जमिनीवर अचानक निळीभोर तळी दिसतात. जमिनीखालचे पोटॅश पाण्यात विरघळवून वर आणतात आणि ते पाणी उन्हात लवकर आटावे म्हणून त्यात निळा रंग मिसळतात. वहिनींनी तिथे खूप छायाचित्रे काढली. मला तो रंग त्या जागी परका वाटला.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो. एलिफंट हिल कॅनियनलँड्सच्या नीडल्स भागात आहे, मोआबपासून सुमारे १२० किलोमीटर. दक्षिणेला हमरस्ता सोडून पश्चिमेकडे वळले की न्यूजपेपर रॉक लागतो, जिथे शेकडो वर्षे माणसांनी एका काळपट खडकावर हरणे, चाके, पावले आणि घोडेस्वार कोरले आहेत. तिथे दहा मिनिटे थांबलो. उद्यानाच्या या भागात दिवसाच्या फेरीलाही प्रत्येक गाडीचे वेगळे परमिट काढावे लागते, पाळीव जनावरे गाडीतही चालत नाहीत आणि वाटेवर पिण्याचे पाणी कुठेही नाही. प्रत्येक गाडीत आम्ही माणशी सहा लिटर पाणी, प्रथमोपचाराची पेटी, पूर्ण मापाचा जादा टायर, ओढण्याचा पट्टा आणि मानवी विष्ठा बांधून परत आणण्याच्या पिशव्या घेतल्या होत्या. शेवटच्या वस्तूविषयी बोलायला आपल्या लोकांना संकोच वाटतो. कोरड्या वाळवंटात काहीही लवकर कुजत नाही, कागद तर वर्षानुवर्षे झुडपात अडकून राहतो, म्हणून काका हे निघण्याआधी स्पष्ट शब्दांत सर्वांना सांगतात.

एलिफंट हिल ही तशी मोठी टेकडी नाही. गुरे पाळणाऱ्या अल स्कॉरप यांनी १९४० च्या दशकात आपल्या गुरांच्या सोयीसाठी तिच्यावरून वाट काढली. पायथ्याचे वाहनतळ ओलांडले की पहिल्या शंभर मीटरांतच दगडी पायऱ्या सुरू होतात. काहींची उंची माझ्या गुडघ्याएवढी होती. चढावर एका वेळी एकच गाडी, हा नियम आहे. पुढची गाडी माथ्यावर पोचून तिने रेडिओवर "मोकळे" म्हटल्याशिवाय मागची हलत नाही. आमच्या चारही गाड्यांत जीएमआरएस रेडिओ, म्हणजे एकमेकांशी बोलायचे वॉकी-टॉकी, आहेत. त्याचा परवाना ३५ डॉलरला दहा वर्षांसाठी मिळतो आणि एका परवान्यात सगळे कुटुंब येते, त्यामुळे दादाचा मुलगाच त्यांच्या गाडीचा रेडिओ सांभाळत होता आणि ते काम तो फार चोख करत होता.

आता स्पॉटरविषयी सांगते, कारण मला लिहायचे आहे ते मुख्यतः याविषयीच. खडकावर गाडी चालवणाऱ्याला समोरचे बॉनेट आणि त्यापुढचे आभाळ दिसते, चाक कुठे टेकणार ते दिसत नाही. म्हणून एक जण खाली उतरून पुढे उभा राहतो आणि हातांनी वाट दाखवतो. स्पॉटर एकच असतो. चार जणांनी चार बाजूंनी ओरडायचे नसते. मात्र थांबण्याची खूण, म्हणजे वळलेली मूठ, कोणीही आणि कधीही करू शकते. ती दिसली की चालवणाऱ्याने विचार न करता थांबायचे. स्पॉटरने गाडी आणि कातळ यांच्या मधे कधी उभे राहायचे नाही, उताराच्या खालच्या बाजूला तर मुळीच नाही. हे नियम कोणालाही सांगता येतील. अवघड आहे ते तोंडी सूचनांचे. समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांची डावी बाजू वेगळी असते, म्हणून अमेरिकन मंडळी "ड्रायव्हरच्या बाजूला" आणि "पॅसेंजरच्या बाजूला" असे म्हणतात. पण आमच्यातल्या बहुतेकांनी गाडी शिकली ती पुण्यात, नाशिकमध्ये, सोलापुरात, जिथे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. घाईच्या क्षणी "ड्रायव्हरच्या बाजूला" असे ऐकले की वीस वर्षे अमेरिकेत काढलेल्या माणसाचाही हात एक क्षण चुकीकडे जातो, आणि खडकावर तो एक क्षण पुरतो. म्हणून काकांनी आमच्या गटासाठी बोलणेच बंद केले. हात ज्या दिशेला, स्टिअरिंग त्या दिशेला. गाडी पुढे जात असो की मागे, याचा विचार चालवणाऱ्याने करायचा नाही. तो विचार स्पॉटरने केलेला असतो.

त्या उलट्या वळणावर मला याचा अर्थ खऱ्या अर्थाने कळला. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग कुठे फिरवले की गाडीचे तोंड कुठे जाते हे मला नीट ठाऊक आहे. पार्किंगमध्ये मी ते रोज करते. तिथे मात्र ते ज्ञान माझ्या मधेमधे येऊ लागले. काकांचा हात उजवीकडे गेला आणि माझ्या मनाने सांगितले की असे केले तर मागचे चाक कडेला जाईल. मी थांबले. काकांनी हात खाली घेतला नाही, आवाज चढवला नाही, फक्त मान किंचित हलवली आणि पुन्हा उजवीकडे दाखवले. माझ्या शेजारी नवरा बसला होता. तो काही बोलला नाही, आणि त्याबद्दल मी त्याची फार ऋणी आहे, कारण त्याच्या बाजूच्या खिडकीतून दरी स्पष्ट दिसत होती. मी उजवीकडे फिरवले, ब्रेक सोडला, गाडी हातभर मागे सरकली, मूठ, थांबले. डावीकडे, हातभर, मूठ. सरळ, दोन हात, मूठ. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. नवऱ्याने नंतर सांगितले की पुरती चार मिनिटेही झाली नव्हती. मागची चाके खालच्या सपाटीला टेकली, काकांनी दोन्ही तळहात उघडे केले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की त्या सगळ्या वेळात मी खरोखरच एकदाही आरशात पाहिले नव्हते.

मी स्वभावाने दुसऱ्यावर सहज विसंबणारी नाही. घरात आणि कामावर प्रत्येक गोष्ट स्वतः तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या चार मिनिटांत माझी गाडी, माझा नवरा आणि मी एका माणसाच्या डोळ्यांवर होतो आणि मला त्याची भीती वाटली नाही. याचे कारण काकांचे कसब हे आहेच, पण त्याहून मोठे कारण असे की आदल्या दोन दिवसांत सोप्या दगडांवरही त्यांनी हाच हात, हाच वेग आणि हीच मूठ वापरली होती. अवघड जागी त्यांनी नवीन काही केले नाही.

उतार संपला की वाट एकेरी होते आणि दोन कातळांच्या फटीतून जाते. फट इतकी अरुंद आहे की आरसे मिटवून घेतले तरी दोन्ही हातांनी दोन्ही भिंतींना शिवता येईल असे वाटते. पुढे डेव्हिल्स किचनजवळ नीडल्सचे सुळके अगदी अंगावर येतात, पांढऱ्या आणि विटकरी पट्ट्यांचे. हा सीडर मेसा वालुकाश्म. तिथे सावलीत बसून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि काकूंनी आणलेले तिळाचे लाडू खाल्ले. मग डेव्हिल्स लेन. ही एक लांबच लांब, सरळ, दोन्ही बाजूंनी भिंती असलेली सपाट दरी आहे आणि ती नदीने कोरलेली नाही. इथे जमिनीखाली खोलवर मिठाचा जाड थर आहे. वरच्या खडकाच्या भाराने ते मीठ कोलोरॅडोच्या खोल दरीकडे अतिशय सावकाश सरकते आणि त्याच्याबरोबर वरचा खडक लांब पट्ट्यांत तुटून खाली बसतो. भूवैज्ञानिक अशा खचलेल्या पट्ट्याला ग्राबेन म्हणतात. जमीन पायाखालून सरकते आहे हे ऐकून दादाच्या मुलाने गाडी थांबवायला लावली आणि उतरून वाळूवर हात ठेवून पाहिला.

तो वाळूवर हात ठेवायला वाटेच्या बाहेर चालला, तेव्हा काकूंनी त्याला हाक मारून थांबवले. वाटेच्या कडेला काळपट, खडबडीत, भाजलेल्या पापुद्र्यासारखी माती होती. ती जिवंत असते. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांनी मिळून विणलेला तो थर वाळूला धरून ठेवतो, पाणी मुरवतो, नत्र जमिनीत आणतो. एका पावलाने तो मोडतो आणि पुन्हा पूर्ण जमायला दशके लागतात. मी रत्नागिरीची. आमच्या कातळसड्यांना लहानपणी आम्हीही ओसाड म्हणत होतो. पावसाळ्यात त्यावर जे उगवते ते पाहायला मी फार उशिरा शिकले. म्हणून या काळ्या मातीविषयी मला विशेष वाटते. चाक वाटेबाहेर टाकून दुसऱ्याला ओलांडणारी, फोटोसाठी गाडी झुडपात घालणारी माणसे मला सहन होत नाहीत, आणि आमच्या गटात असे झाले तर तो माणूस पुढच्या वेळी नसतो.

२०२३ साली मोआबच्या वायव्येला, लेबिरिंथ कॅनियन आणि जेमिनी ब्रिजेस या भागात, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याने सुमारे ११०० मैलांपैकी ३१७ मैल वाटा गाड्यांना बंद करण्याचा निर्णय दिला. त्यावरून आमच्या गटात दोन तट पडले आणि अजून ते मिटलेले नाहीत. शेपटाच्या गाडीतल्या माझ्या सहकाऱ्याला त्यातल्या काही वाटा अगदी जिवाभावाच्या होत्या, आणि ज्या वयात माणूस चालत तिथे पोचू शकत नाही त्या वयात गाडी हाच त्याचा पाय असतो, हे त्याचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. तरीही मला वाटते की एकाच ठिकाणी पोचणाऱ्या तीन वाटांपैकी दोन बंद होत असतील तर त्या व्हाव्यात. ज्या वाटा उरतील त्या नीट राखल्या, तरच पुढच्या वेळी आम्हाला कोणी येऊ देईल.

सिल्व्हर स्टेअर्स नावाच्या कातळी पायऱ्या पार करून आम्ही दुपारी चारच्या सुमारास पुन्हा एलिफंट हिलच्या पश्चिम पायथ्याशी आलो. उन्हे तिरपी झाली होती आणि अशा वेळी सावल्यांमुळे पायरीची उंची फसवी दिसते. काका वर गेले, मी त्यांच्या हाताने वर गेले. दादाची गाडी तिसरी. मधल्या एका पायरीवर तिचे पुढचे उजवे चाक वर चढले, मागचे डावे हवेत उचलले गेले आणि गाडीचे पोट मधल्या दगडावर टेकले. हवेतले चाक नुसते फिरू लागले. दादाने पाय काढला. खालून शेपटाच्या गाडीतल्या दोघांनी मूठ दाखवली, वरून मी दाखवली. काका तोपर्यंत माथ्यापलीकडे समोरून आलेल्या गाड्यांना थांबवायला गेले होते, आणि रेडिओवर त्यांचा आवाज आला, "तू सगळ्यांत जवळ आहेस. तूच उभी राहा. घाई करू नकोस, त्या लोकांना मी सांगितले आहे, ते थांबतील."

मी खाली उतरून आधी गाडीभोवती फिरले. वहिनी आणि मुलगा उतरून कातळाच्या सुरक्षित बाजूला गेले. पोट नेमके कुठे टेकले आहे ते वाकून पाहिले. आडव्या लोखंडी पट्टीवर टेकले होते, तेल कुठे गळत नव्हते. पुढे जोर लावला असता तर हवेतले चाक फिरत राहिले असते आणि लॉकर नसल्यामुळे बाकीचे सगळे व्यर्थ गेले असते. मग हातभर मागे घ्यायचे, सहा इंच उजवीकडे सरकायचे, आणि मागच्या डाव्या चाकाखाली दोन चपटे दगड ठेवायचे, असे मी ठरवले. दगड शेपटाच्या दोघांनी आणून दिले. मी समोर जाऊन उभी राहिले. दादाचे डोळे वरच्या पायरीवर होते.

"दादा," मी म्हणाले, "तू माझ्या हाताकडे बघ."

त्याने पाहिले. मी हात मागे केला, तो हातभर मागे आला, मूठ. उजवीकडे. मूठ. मग पुढे, अगदी सावकाश, आणि मागचे डावे चाक दगडांवर चढताना मला ऐकू आले, रबर दाबले जाण्याचा तो बारीक आवाज. पोट सुटले. पुढची पायरी, त्यापुढची पायरी, आणि वरच्या सपाटीवर गाडी उभी राहिली तेव्हा मी दोन्ही तळहात उघडले. समोर थांबलेल्या गाड्यांपैकी एकीतून उतरून आलेल्या एका वयस्क बाईंनी आम्हाला ठेवलेले दगड उचलून पुन्हा कडेला, जिथून आणले होते तिथेच, ठेवायला मदत केली. वाट आम्हाला मिळाली होती तशीच मागच्यांना मिळायला हवी, हे तिथे कोणी कोणाला सांगत नाही.

सूर्य बुडता बुडता चारही गाड्या पायथ्याच्या वाहनतळावर होत्या. कंप्रेसर काढले. १८ वरून ३७ वर यायला एका टायरला पाच-सहा मिनिटे लागतात, चार गाड्यांचे सोळा टायर, आणि आमच्याकडे तीन कंप्रेसर होते. दादा एकेका टायरवर मापक लावत होता, त्याचा मुलगा आकडे मोठ्याने वाचत होता, आणि काका माझ्या मागच्या डाव्या चाकाशी वाकून बसले होते. "इथे एक ओरखडा आहे," ते म्हणाले. "खोल नाही. उद्या उजेडात पुन्हा बघू."